दंडावरची गाठ

डरबनचं पत्र आलं ते बुधवारी सकाळी, आणि नाशकाच्या कोकणीपुऱ्यातल्या त्या घरात त्या दिवशी कुणालाच चहा गरम मिळाला नाही. थोरल्या सूनबाई शहनाजभाभींनी दोनदा चहा केला, दोनदा तो चुलीपाशी निवून गेला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता ज्याला हवा त्यानं आपला करून घ्यावा. मी काही इथं हॉटेल काढलेलं नाही." पण ऐकतंय कोण? सगळे बैठकीत खलीलच्या तोंडाकडं बघत होते.

खलीलची बायको रेहाना पडद्याआड उभी होती. अन्सारभाई घरात असले की ती पडद्यामागंच असायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण थोरल्या दिरासमोर उभी राहून ती कधी बोलली नव्हती. आणि आठ वर्षं म्हणायला आठ. पहिलं वर्ष संपलं तसा खलील आफ्रिकेच्या बोटीत बसला, मधे एकदा चार महिने येऊन गेला, आणि आता हे मे महिन्यापासूनचे साडेतीन महिने. बायकोच्या वाट्याला आलेला नवरा एवढाच. वर गल्लीतल्या बायका विचारायच्या, "पाळणा अजून हलला नाही का गं?" नवरा समुद्रापलीकडं बसलेला असताना पाळणा काय वाऱ्यानं हलणार होता?

खलीलनं पत्र एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं. तो तिकडं ज्या दुकानात शिवणकाम करायचा, त्या दुकानाच्या मालकांचं ते पत्र होतं.

"'तुझ्या परमीटसाठी चार खेपा घातल्या. नवं परमीट तयार आहे. पण ऑफिस ते टपालानं देशाबाहेर पाठवत नाही. ज्याचं त्यानं येऊन, अंगठा देऊन घ्यायचं, असा कायदा आहे. बोटीवरून उतरताना ऑफिसनं तुला दिलेली पावती दाखवावी लागेल. तिच्यावर तारीख तीस सप्टेंबर. त्या तारखेच्या आत पावतीसकट किनाऱ्याला लागलास तर तू इथला रहिवासी. एक दिवस उशीर झाला किंवा पावती नसली, तर तू इथला नाहीस, आणि पूर्वीची सात वर्षंही धरणार नाहीत.'"

"मग सोपं आहे," अन्सारभाई म्हणाले. त्यांची उतारूंची नाशिक-दिंडोरी सर्व्हिस मोटार होती, त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते सुटायची वेळ आणि पोचायची वेळ यांत मोजायचे. "दोन तारखेची बोट. बावीस-तेवीस दिवस धर. पाच दिवस हाताशी ठेवून पोचतोस. पावती काढ आणि मुंबईला तिकिटाचं कळव."

पडद्यामागं रेहाना आणखी पुढं सरकली. तिचा पासपोर्ट गेल्या महिन्यातच मुंबईहून होऊन आला होता. नवऱ्याचं परमीट चालू असेल तर बायकोला उतरू देतात, नसेल तर नाही. हे तिला आता पाठ झालं होतं. त्या पासपोर्टासाठी तिनं मेनरोडवरच्या स्टुडिओत जाऊन, उघड्या तोंडानं, परक्या माणसासमोर बसून फोटो काढून घेतला होता. अम्मांनी त्यावर दोन दिवस अबोला धरला होता.

"अम्मा," खलील म्हणाला, "ती पावती कुठं ठेवलीस?"

"कसली पावती?"

"अगं, माझ्या दंडावरच्या इमामजामीनमधली."

अम्मा, म्हणजे गुलजारबी, तसबी ओढत बसल्या होत्या. मणी बोटातच थांबला. "इमामजामीनमध्ये नाणं असतं," त्या म्हणाल्या. "पावती कशी असेल?"

आणि मग सगळं बाहेर आलं. अब्बा शेवटचे दिवस मोजताहेत अशी तार डरबनला गेली, तेव्हा खलीलचं जुनं परमीट नूतनीकरणासाठी ऑफिसात पडून होतं. चार शहाण्या माणसांनी त्याला सांगितलं, नवं हातात पडेपर्यंत हलू नकोस, बाहेर गेलास की लटकलास. पण बाप मरणाला टेकलेला असताना कुठला मुलगा ऑफिसच्या दारात बसून राहील? पावती खिशात घालून तो निघाला. आणि वेंधळेपणात तर त्याचा हात कुणी धरला नसता. मागच्या खेपेला बोटीवर पाकीट, चष्मा आणि एक बूट हरवून आलेला माणूस तो. म्हणून तिथल्या घरमालकीण खालांनी त्याच्याकडून पावती काढून घेतली, मेणकापडात गुंडाळली, आणि प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडाला जी हिरवी चिंधी नाणं शिवून बांधतात, तिच्यातच नाण्याशेजारी शिवून टाकली. अंगावरची वस्तू अंगावरच राहील म्हणाल्या.

राहिलीही. थेट नाशकाच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं रिवाजाप्रमाणं आईनं ती गाठ सोडली. पोचलेल्या माणसाचा इमामजामीन सोडायचा आणि दान करायचा. दुसऱ्या दिवशी अब्बा गेले. मग कफन, दफन, चाळिसावा. पावतीची आठवण कुणाला राहणार? परमीट टपालानं येणारच आहे, हे खलीलनं धरलेलं, आणि अम्मांनी कागद ट्रंकेत ठेवला असेल, हेही त्यानंच धरलेलं.

"तू उघडून पाहिलं नाहीस?" खलीलचा आवाज चिरकला.

"सदक्याची, दानाची वस्तू कुणी उघडतं का? होती तशी देऊन टाकली."

"कुणाला?"

"दारात कुणी होतं त्याला. तुझे अब्बा आत श्वासासाठी तडफडत होते, खलील. मी काय नाव-गाव विचारत बसू?"

बाहेर गल्लीत कुणीतरी पितळेची घागर घासत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

"तार करू," शेवटी अन्सारभाई म्हणाले.

"तारेनं पावती येते का भाईजान?"

"दुसरी मागवू."

"तारेनं मागवली तरी टपालानं यायला चार आठवडे. तोवर सप्टेंबर संपला."

"मग आता काय? इथं बसणार? मोटारीवर क्लीनर होणार माझ्या?" अन्सारभाईंचा आवाज चढला. ते भडकले की आधी घाबरलेले असतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "अम्मा, तुझ्यापुढं हात टेकले! घरात येणारी-जाणारी वस्तू एकदा चाचपून तरी बघावी माणसानं!"

"इथं बसला तर काय बिघडलं?" गुलजारबी शांतपणे म्हणाल्या. "हाही मुलूखच आहे. इथं कापडं शिवून घालत नाहीत का लोक? आणि जायचंच असेल तर जा बाबा, मी पाय धरते का? फक्त सून इथं राहील, हे मी पहिल्यापासून सांगत आले आहे."

"काल मीही तुझ्याच बाजूनं होतो," अन्सारभाई म्हणाले. "आज नाही. जाऊ देत दोघांना. अर्ध्या संसाराची ही ये-जा मला बघवत नाही."

खलीलनं मान वर केली. "भाईजान, खरं सांगा. तुम्हाला आमचा संसार बघायचा आहे की माझ्या परमीटवर घरी येणारे पैसे?"

हा प्रश्न त्या घरात बरीच वर्षं पडून होता, फक्त उचलला कुणी नव्हता.

रेहाना स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून बसली. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. सहा महिन्यांपूर्वी असतं तर ती चार अश्रू ढाळून कामाला लागली असती. पण जायचं ठरल्यापासून तिनं मनात तिथलं घर मांडलं होतं. दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, आणि संध्याकाळी घरी येणारा नवरा. रोज येणारा. एवढंच मागणं होतं तिचं, यात काही फार मागितलं असं तिला वाटत नव्हतं.

शहनाजभाभी कांदा चिरत होत्या. बराच वेळ चिरल्यावर त्यांनी विळी आडवी केली.

"साळूबाईला दिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"इमामजामीन. दिंडोरीकडून भाजी आणते ना ती साळूबाई, पंचवटीच्या बाजारात बसून उरलंसुरलं घेऊन आपल्या गल्लीत येते. तिनं नुकतीच वांगी मोजून दिली होती. अम्मांनी तिच्या हातात कोंबलं. मी मागं उभी होते."

रेहाना त्यांच्याकडं बघतच राहिली. "भाभी, मग आत बोलला का नाहीत?"

"का बोलू?" शहनाजभाभींनी पदरानं डोळे पुसले, आणि ते काही कांद्यानं नव्हतं. "तू चाललीस आफ्रिकेला. मी राहिले ह्या घरात, तुझ्या सासूबरोबर आणि माझ्या नवऱ्याच्या मोटारीबरोबर. आठ वर्षं दोघींनी मिळून हे घर ओढलं. मला कुणी विचारलं का, शहनाज, तुझं काय होईल म्हणून?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिनंसुद्धा नाही.

"मग आता का सांगितलंत?"

"तो तुझा फोटो," शहनाजभाभी म्हणाल्या. "पासपोर्टावरचा. काल हातात घेऊन बसले होते. त्यात तू हसली आहेस गं. फोटोवाला हसू नका म्हणत होता तरी. ह्या घरात मी तुला तसं हसताना एकदाही पाहिलं नाही. ऊठ आता, माझा विचार बदलायच्या आत ऊठ."

रेहाना उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि ज्या पडद्याआड आठ वर्षं उभी होती तो बाजूला सारून बैठकीत गेली. अन्सारभाई दचकून अर्धे उठले.

"भाईजान," ती म्हणाली, "दिंडोरीची मोटार किती वाजता सुटते?"

---

मोटार दुपारी सुटली. म्हसरूळच्या पुढं रस्त्याला नुसता चिखल. दोनदा उतारूंना खाली उतरून ढकलायला लागलं, आणि दोन्ही वेळा अन्सारभाई स्वतः मागून ढकलत होते, मालक असूनही. रेहाना बुरख्यात मागच्या बाकावर बसली होती. शेजारी खलील. गर्दीत त्याचा दंड तिच्या दंडाला लागत होता आणि ती मनात एकच घोकत होती: फेकून दिलं नसेल ना, फोडून नाणं काढून घेतलं असेल तर कागद चुलीत गेला असेल का.

साळूबाईची वस्ती दिंडोरीच्या अलीकडं, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. अन्सारभाई मोटारीपाशी थांबले. दोघं बांधावरून चालत गेली. दारात साळूबाईचा नवरा बहिरू कासरा वळत बसला होता. साळूबाई आतून धावतच आली.

"आगं बया! दुल्हनबाई, तुमी? आन् ह्या चिखलातून? बसा बसा. म्या दोन महिनं बाजारालाच आले नाय. लेक बाळतपणाला आलीय ना."

खलीलनं एका दमात सगळं सांगितलं. हिरवी चिंधी, नाणं, कागद, बोट, तारीख. सांगताना त्याची जीभ तीनदा अडखळली. साळूबाईचा चेहरा उतरत गेला.

"ते व्हय," ती म्हणाली. "ते हाय की. कुठं जातंय?"

रेहानाच्या जिवात जीव आला. पण साळूबाई जागची हलेना.

"म्हातारीनं हातात दिलं तवा म्या इचारलं, ह्याचं काय करू? ती काय बोललीच नाय. नुसता माझा हात दाबला. म्या म्हनलं, पीराचं असंल. ह्या लेकीच्या, कुसाच्या दंडाला बांधलं. तिची आधीची दोन्ही पोटं पाचव्या महिन्यात गेली बघा. तवा तिला चवथा सरत व्हता. बांधलं आन् तवापासनं आठवा लागला, येक दिस दुखलं नाय का खुपलं नाय."

दाराच्या आत, गोधडीवर, कुसाबाई बसली होती. वीस-एकवीसची पोर. तिचा डावा हात उजव्या दंडावर गच्च होता. चिंधीचा हिरवा रंग घामानं आणि तेलानं काळपट झाला होता, पण शिवण शाबूत होती. कुणी ती उघडलीच नव्हती. ज्यांना रिवाज माहीत त्यांनी कधीच नाणं काढून चिंधी फेकली असती; साळूबाईला रिवाज माहीत नव्हता, म्हणून तिनं ती देवासारखी जपली होती.

"कागदच हाय ना त्यांचा," बहिरू बाहेरून म्हणाला. "द्या काढून. परक्याची वस्तू."

"तुमी गप ऱ्हावा," साळूबाई म्हणाली. "सोडायची नाय ती. पोरीला काय झालं तर तुमी भरून देनार का?" मग ती खलीलकडं वळून रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, महिना-दीड महिना थांबा. बाळ हाती आलं की म्या सोता आनून देते. चालत येते, पायात वहाण घालत नाय."

"महिन्यानं काय करू मी त्याचं?" खलील म्हणाला. "मावशी, तुम्हाला दुसरं देतो ना करून, ह्याहून चांगलं..."

"दुसऱ्याचा काय भरवसा?"

रेहाना कुसाबाईजवळ जाऊन बसली होती. तिनं बुरख्याचा पडदा मागं टाकला. तिच्या मनात त्या वेळी जे आलं ते चांगलं नव्हतं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिला वाटलं, हात घालावा आणि ओढून घ्यावी. माझं आहे ते. माझी आठ वर्षं आहेत त्या चिंधीत. ह्या पोरीचा नवरा ह्याच मुलखात आहे, पोट आठ महिन्यांचं आहे, आणि माझ्या वाट्याचा कागदही हिनंच दंडाला बांधून बसावं?

कुसाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "दुल्हनबाई," ती हळूच म्हणाली, "तुमचं लय अडलंय का?"

त्या एका प्रश्नानं रेहानाचा सगळा त्वेष उतरला. घरातल्या एकानंही तिला हे विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "फार अडलंय." आणि आता मात्र तिला रडू आलं. दोघीही रडल्या, एकमेकींना फारसं न ओळखता. साळूबाई मधे उभी राहून दोघींना "उगी, उगी" म्हणत राहिली.

मग रेहानानं नाक पुसलं आणि चिंधीकडं नीट पाहिलं. गाठ वेगळी होती, शिवण वेगळी.

"गाठ सोडायची नाही," ती म्हणाली. "साळूबाई, गाठीला मी हातसुद्धा लावत नाही. ही अशीच दंडावर राहू दे. मी नुसती एका अंगाची शिवण उसवते, कागद काढते, नाणं आत ठेवते, आणि पुन्हा शिवते. सुई द्या."

साळूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. कुसाबाईनं दंडावरचा हात काढला.

गोधडी शिवायची मोठी सुई होती, नाजूक कामाला अगदीच कुचकामी. खलील शिंपी, पण परक्या बाईच्या दंडाला तो कसा हात लावणार? तो दाराबाहेर पाठ करून उभा राहिला आणि तिथूनच सांगू लागला, "वरच्या अंगानं जाऊ नकोस, खालांनी वर दुहेरी टाके घातलेत. खालच्या कडेनं जा. पहिला टाका उचल, ओढू नकोस."

"तुम्ही गप्प बसा हो," रेहाना म्हणाली. "तुमची पावती तुम्हाला सांभाळता आली नाही, मला टाके शिकवताहेत."

बहिरू मोठ्यानं हसला. कुसाबाईही हसली, आणि तिचा दंड हलला तसं रेहाना ओरडली, "हलू नकोस गं!"

पाच टाके सुटले. तिनं दोन बोटं आत घातली. आधी नाणं लागलं, गरम. त्याच्यामागं मेणकापडाची घडी. तिनं ती सावकाश बाहेर ओढली, उलगडली. कडा ओलसर पिवळ्या झाल्या होत्या, पण मधलं सगळं जसंच्या तसं होतं: इंग्रजी छपाई, गोल शिक्का, तारीख, आणि खाली नवऱ्याच्या अंगठ्याचा काळा ठसा, एकेक रेघ दिसत होती.

"काय लिवलंय त्यात?" कुसाबाईनं विचारलं.

रेहानाला इंग्रजी येत नव्हतं. पण पावतीत काय आहे ते तिला सकाळच्या पत्रावरून पाठ झालं होतं. "लिहिलंय की हा माणूस बाहेर गेला असला तरी इथलाच आहे," ती म्हणाली. "तो परत येणार आहे. आला की त्याला आत घ्या."

कुसाबाईनं पोटावर हात ठेवला. "म्हंजी परत येन्याचा कागद व्हता व्हय माझ्या दंडाला! तरीच."

रेहानानं नाणं नीट बसवलं आणि पाचाच्या जागी आठ टाके घातले.

---

दोन तारखेची बोट, म्हणून एक तारखेला नाशिकरोडवरून मुंबईची गाडी. मधल्या दिवसांत घर पुन्हा घरासारखं झालं. अन्सारभाईंनी जो भेटेल त्याला ती चिंधीची हकिकत सांगितली, आणि दर वेळी मोटार चिखलात जास्त खोल रुतत गेली. शहनाजभाभी दिवसभर कुरकुरत लोणच्याच्या बरण्या बांधत होत्या. गुलजारबी मात्र गप्प होत्या. पावती त्यांच्यापुढं धरली तेव्हाही त्यांनी "अल्लाची मेहर" एवढंच म्हणून तसबी उचलली होती.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी रेहानाला आपल्या खोलीत बोलावलं.

"दार लोट," त्या म्हणाल्या. "एक सांगायचं आहे. खलीलला सांगायचं की नाही ते तू ठरव."

रेहाना खाली बसली.

"मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. तुझ्या नवऱ्याला पहिला टाका मी शिकवला. चिंधीत नाणं आहे की कागद आहे, हे माझ्या बोटाला कळणार नाही?" गुलजारबींचा आवाज अगदी साधा होता. "गाठ सोडतानाच लागला होता हाताला. करकरला. काय आहे ते माहीत नव्हतं, पण तिकडं परत नेणारं काहीतरी आहे, एवढं कळलं. आत हे चालले होते. मला वाटलं, एकाला थांबवणं माझ्या हातात नाही. दुसऱ्याला धरणं तरी आहे. साळूबाई दूरच्या वस्तीवरची, म्हणून तिला दिलं. गल्लीतल्या कुणाला दिलं असतं तर सापडलं असतं."

रेहानाला दिंडोरीचा रस्ता आठवला, ती सुई आठवली, पडद्याआड गेलेली ती सकाळ आठवली.

"अम्मा," ती म्हणाली, "मला तुमचा राग आला आहे. फार राग आला आहे."

"येणारच."

"तुम्ही मलाही धरून ठेवणार होतात. हे जावोत, पण सून इथं राहील, म्हणजे मुलगा कधीतरी येईल. मी काय खुंटी आहे का, दोर बांधायची?"

"होतीस," गुलजारबी म्हणाल्या. "तू होतीस म्हणूनच तर तो आला मधल्या खेपेला. माझ्यासाठी आला असं मी लोकांना सांगायची. खोटं होतं ते." त्यांनी तसबी बाजूला ठेवली. "आता तूही चाललीस. आता तो कशाला येईल?"

रेहानाचा राग होता तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. पण त्या म्हातारीला एकटं सोडून उठावं असंही वाटेना. तिनं त्यांचे पाय चेपायला घेतले. रोज चेपायची तसेच.

दुपारी टांगा दारात आला. अन्सारभाई ट्रंका चढवत होते, शहनाजभाभी सांगत होत्या की लोणच्याची बरणी मांडीवर घ्या, ट्रंकेत घालून आफ्रिकेला तेलात बुडवू नका. मग त्या रेहानाच्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "पत्रात खुशाली लिहू नकोस गं. भांडणं लिही. खुशाली वाचून मला काय करायचंय?"

गुलजारबी उंबऱ्यात आल्या. हातात दोन हिरव्या चिंध्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी त्या पाहिल्या.

एक त्यांनी खलीलच्या दंडाला बांधली. "ह्यात नाणंच आहे," त्या म्हणाल्या. "तुझे कागद तुझ्या बायकोकडं राहू देत. पोचलास की सोड आणि गरिबाला दे."

मग त्या रेहानाकडं वळल्या. तिनं बाही वर केली. म्हाताऱ्या बोटांनी एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, आणि पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

"ही पोचल्यावर सोडायची नाही," गुलजारबी म्हणाल्या.

"अम्मा, रिवाज तर..."

"रिवाज मला माहीत आहे. पोचल्यावर सोडायची असते. तू पोचलीस हे मी धरीन तू ह्या उंबऱ्यात परत आलीस म्हणजे. तोवर तू प्रवासात. गाठ मी सोडीन. मी नसले तर शहनाज सोडील."

रेहानानं दंडावर हात ठेवला. चिंधीत नाणं होतं, आणि नाण्यामागं काहीतरी करकरलं. तिनं चमकून सासूकडं पाहिलं. गुलजारबींनी हात पदराखाली घेतला, पण त्याआधी तिला दिसलं: त्यांच्या उजव्या अंगठ्याला, नखापर्यंत, काळी शाई लागली होती.

"पावती आहे," गुलजारबी हलक्या आवाजात म्हणाल्या. "ह्या घराची. मला लिहिता येत नाही, म्हणून नुसता अंगठा दिलाय. तारीख घातलेली नाही."